सरपंचबाईंचा आवाज कोणी ऐकला होता?

संपादकांनी फोनवर तीन सूचना दिल्या. डीपफेकवर लिहा, सोप्या भाषेत लिहा, आणि दिवाळीचा अंक आहे तेव्हा चिडून लिहू नका. पहिल्या दोन पाळते. तिसरी पाळायची तर मला मनाविरुद्ध लिहावं लागेल, आणि मनाविरुद्ध बोलायला लावायचं यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यासाठी माझी गरज नाही.

मी पत्रकं लिहिते. सात वर्षं झाली. आमच्या संघटनेचं ऑफिस म्हणजे पाथर्डीत एका गिरणीच्या वरची खोली. खाली पीठ, वर शाई. पत्रकाचे नियम मला पाठ आहेत. एक कागद, दोन्ही बाजू, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं अक्षर, आणि एका वाक्यात एकच गोष्ट. रेशनवर लिहिलं, बालविवाहावर लिहिलं, रोजगार हमीवर लिहिलं. गेली काही वर्षं मोबाईलवरच्या बनावट व्हिडिओंवर लिहितेय, कारण बाकी सगळ्या विषयांवर जे कष्टाने सांगावं ते एका बनावट व्हिडिओने अर्ध्या दिवसात धुऊन जातं.

हे व्हिडिओ कसे करतात ते आधी सांगते. लोकांना वाटतं त्याला मोठी प्रयोगशाळा लागते, परदेशात शिकलेला माणूस लागतो. काही लागत नाही. ज्याला बदनाम करायचं त्याचा समोरून काढलेला एक फोटो हवा. तो प्रोग्राममध्ये टाकायचा. त्याच्या तोंडी घालायचं वाक्य टाईप करायचं. आवाज निवडायचा, बाईचा, पुरुषाचा, म्हाताऱ्याचा. प्रोग्राम त्या वाक्याप्रमाणे फोटोतले ओठ हलवतो, मान हलवतो, भुवया उचलतो. त्याच माणसाचा हुबेहूब आवाज हवा असेल तर त्याच्या खऱ्या बोलण्याचा छोटासा तुकडा लागतो. एखादा व्हॉइस मेसेजही पुरतो. झालं. मी आमच्या खोलीत बसून माझ्याच फोटोवर करून पाहिलं. व्हिडिओत मी म्हणत होते की आता मी लग्नाला तयार आहे. गिरणीवाल्या काकांना गंमत म्हणून दाखवला. व्हिडिओ खोटा आहे असं मी सांगायच्या आत त्यांनी माझ्या आईला फोन लावलेला होता. आई अजून तो विषय सोडत नाही.

यावर हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एक पत्रक काढलं: ‘खोटा व्हिडिओ ओळखायच्या पाच खुणा’. पहिली खूण, माणूस डोळे मिटत नाही. दुसरी, दात एकमेकांत मिसळलेले दिसतात. तिसरी, मान ताठ राहते. पुढच्या दोन अशाच. तेव्हा त्या बऱ्यापैकी लागू पडत होत्या. मला त्या पत्रकाचा फार अभिमान होता. गावोगाव ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खळ लावून मी स्वतः चिकटवलं. ज्यांनी हे प्रोग्राम बनवले त्यांनी दरम्यान त्यांना डोळे मिटायला शिकवलं, दात नीट लावले, मान मोकळी केली. आमचं पत्रक भिंतीवर होतं तसंच राहिलं. ते काढायला पुन्हा जायला हवं हे माझ्या डोक्यात आलं नाही. पत्रक लावणाऱ्याच्या डोक्यात ते कधीच येत नाही.

मागच्या ऊसतोडीच्या हंगामात तिसगावच्या बाजारी आमचं टेबल होतं. शेळ्यांच्या बाजाराकडून एक गृहस्थ आले, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, “ताई, तुमच्या कागदानं लई काम झालं.”

मला बरं वाटलं. कसलं काम, मी विचारलं.

“आमच्या सरपंचबाईचा व्हिडिओ आला. गावात दोन तट पडले. कोन म्हनं खरा, कोन म्हनं येआयचा. मंग मी म्हनलं, भांडता कशाला, कागद हाय ना भितीवर. समदे गेलो तिथं. एकानं मोबाईल धरला, एकानं कागद वाचला. पाची खुना तपासल्या. बाई डोळे मिटती, दात न्हाई मिसळत, मान बी हालती. एक बी खून लागत न्हाई. मंजी व्हिडिओ खरा. तट मिटला बघा.”

त्यांनी मोबाईल पुढे केला. अडतीस सेकंदांचा व्हिडिओ. गळ्यात हार, डोक्यावर पदर घेतलेली सुमन, त्या गावची सरपंच. निवडून आल्यावर सत्काराचा फोटो काढला होता, तोच. ती शांतपणे म्हणत होती, “जे लोक सहा महिने ऊसतोडीला जातात त्यांनी गावाच्या भरवशावर राहू नये. त्यांच्या वस्तीवर टँकर कशासाठी पाठवायचा? घरकुलाच्या यादीतून त्यांची नावं कमी करा. गाव हे गावात राहणाऱ्यांचं आहे.”

मी सुमनला ओळखत होते. निवडून यायच्या आधी ती अकरा हंगाम ऊसतोडीला गेली होती. तिची पहिली मुलगी उसाच्या फडाशेजारच्या कोपीत जन्मली. पाचटाच्या झोपडीत, हे ज्यांना कोपी म्हणजे काय ठाऊक नाही त्यांच्यासाठी. त्या बाईच्या तोंडी हे वाक्य घातलं होतं, आणि त्याला खरं असल्याचं प्रमाणपत्र माझ्या पत्रकाने दिलं होतं.

“आता पुढं काय?” मी विचारलं.

“पुढं काय, अविश्वास ठराव. सदस्यांनी केला बी पास. आता गावाची सभा बसंल, चिठ्ठ्या टाकायच्या.”

गावाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की कोणीतरी शोधेल आणि तो व्हिडिओ पुन्हा फिरायला लागेल. तिसगावच्या बाजाराला जाणारी पुष्कळ गावं आहेत, त्यातलं एक समजा. ठरावामागे उपसरपंच होते. त्यांना गावात अण्णा म्हणतात. सरपंच थेट लोकांतून निवडून आलेला असला की नुसत्या सदस्यांनी त्याला काढता येत नाही. ग्रामसभेने गुप्त मतदानाने त्यावर शिक्का मारावा लागतो. ती सभा ऐन तोडणीच्या दिवसांत लागली होती. सुमनला मतं देणारे निम्मे लोक कारखान्यांवर होते. आणि कोप्यांमध्येही तोच व्हिडिओ पोचला होता.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या घरी गेले. दत्तूभाऊ, म्हणजे तिचा नवरा, दारातच भेटला. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बोलायला लागला. व्हिडिओ कुठून आला, कोणत्या ग्रुपवर आधी पडला, अण्णाचा यात हात कसा आहे. सुमन उंबऱ्याला टेकून उभी होती.

“वहिनी, तुम्हाला कधी कळलं?” मी तिला विचारलं.

“पंधरा दिस झाले,” दत्तूभाऊ म्हणाला.

“तुम्ही असलं काही कुठे बोलला होतात का? त्याचा तुकडा जोडला असेल.”

“ती कुठं बोलती?” दत्तूभाऊ म्हणाला.

हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. मोठी चूक.

आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. कोणतं ते नको. हवालदारांनी दत्तूभाऊकडे बघून म्हटलं, “बसा सरपंच. काय म्हणाला होता तुम्ही व्हिडिओत?”

“मी न्हाई, ही.”

“बरं, काय म्हणाल्या ह्या?”

“ही काय म्हनलीच न्हाई.”

“मग तक्रार कशाची?”

मी मध्ये पडले. बनावट व्हिडिओ म्हणजे काय ते सांगितलं. हवालदारांनी ऐकून घेतलं आणि लिंक मागितली. व्हॉट्सअ‍ॅपवर हातोहात फिरणाऱ्या व्हिडिओला लिंक नसते. त्यांच्या फॉर्मवर लिंकची चौकट होती आणि ती रिकामी ठेवायची सोय नव्हती. मी म्हटलं, निदान मॅडमचा जबाब घ्या. ते म्हणाले, “घेतोय की,” आणि दत्तूभाऊला विचारून लिहायला लागले. सुमन बाकावर बसून होती. त्या जबाबाचं पहिलं वाक्य माझ्याकडे आहे: ‘मी, सरपंच यांचा पती, लिहून देतो की’. अंगठा नाही, तिने स्वच्छ सही केली. ती सातवी शिकलेली आहे. सहीसाठी मात्र सगळ्यांना तीच लागते.

पुण्यात अशा व्हिडिओंची तपासणी करणाऱ्या एक बाई आहेत. मी त्यांना फोन केला. त्यांनी सांगितलं की डोळे, दात वगैरे बघणं सोडा, ते दिवस गेले. मूळ फोटो सापडलाय हे चांगलं. आता त्या सरपंचबाईंचा खरा आवाज पाठवा, चारचौघांतला आणि व्हिडिओच्या आधीचा, म्हणजे नंतर रचला असं कोणी म्हणणार नाही; जुन्या भाषणाचा, सभेचा, कशाचाही. दोन्ही शेजारी ठेवू. इतकं सोपं काम होतं. मी ग्रामपंचायतीचे व्हिडिओ मागवले. पंधरा ऑगस्टचा, शाळेच्या खोलीच्या उद्‌घाटनाचा, पाण्याच्या टाकीचा. सगळ्यांत सुमन आहे. सगळ्यांत तिच्या शेजारी दत्तूभाऊ माईकवर आहे. अडीच वर्षांत तिचा चार शब्दांचा सार्वजनिक तुकडा मला सापडला नाही.

मग मी आमच्याच संघटनेचं कपाट उघडलं. आम्ही महिलादिनाला त्या गावात कार्यक्रम केला होता, ‘महिला सरपंचांचा सन्मान’ असा फलक लावून. व्हिडिओ नीट जपलेला होता. सुमनच्या हातात पुष्पगुच्छ आहे आणि दत्तूभाऊ महिलांच्या हक्कांवर अकरा मिनिटं बोलतोय. त्याला माईक देणारा हात माझा आहे. शेवटी माझाच आवाज ऐकू येतो: “धन्यवाद सरपंचसाहेब, आपण आमच्या भावना मांडल्या.”

तेव्हा मला कळलं की त्या व्हिडिओवाल्यांनी काय केलं. त्यांनी सुमनचा फक्त चेहरा चोरला होता. आवाज चोरायची त्यांना गरजच पडली नव्हती. प्रोग्राममधला पहिला मिळेल तो बायकी आवाज लावला आणि गावाला तो पटला, कारण गावात राहणाऱ्या माणसांनी आपल्या सरपंचाचा आवाज चारचौघांत कधी ऐकलाच नव्हता. खोट्याला पकडायला शेजारी खरं ठेवावं लागतं. ते खरं आम्ही सगळ्यांनी मिळून, पुष्पगुच्छ देऊन, गप्प बसवलं होतं. तंत्रज्ञानाला शिव्या देणारे लेख मीही लिहिलेत. हा लेख लिहिताना शिव्या द्यायला मला आधी घरातली माणसं आठवतात, आणि त्यात मी आहे.

मी पुन्हा तिच्या घरी गेले. या वेळी दत्तूभाऊला म्हटलं, भाऊ, तुम्ही जरा गोठ्याकडे जा. तो बिचारा गेला. वाईट माणूस नाही तो. सुमन बसली आणि मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “ताई, त्या व्हिडिओतली बाई किती मापात बोलती ना. म्हनून तर लोकान्ला पटलं. त्यान्ला वाटलं, सरपंच मंजी अशीच बोलत आसंल.”

“तुम्ही का नाही बोलत?”

“बोलले हुते की. मेंबरांच्या पहिल्या मीटिंगला. माझा आवाज पहिल्यापास्नं मोठा. फडात त्याची सवय हुती. उभी ऱ्हाऊन दोन शब्द बोलले तर अण्णा म्हनले, ‘वैनी, हा फड न्हाई, हितं समदे जवळच बसलेत.’ मेंबर लई हसले. ह्यान्ला वाईट वाटलं. घरी आल्यावर हे म्हनले, तू सही करत जा, मी बोलत जाईन.”

अडीच वर्षांपूर्वीचं एक हसणं. त्यानंतर टँकर कुठल्या वस्तीवर आधी जाणार, घरकुलाचे कोणाचे कागद अडलेत, शाळेच्या खोलीला पत्रा कोणता, सगळं तिने ठरवलं आणि गावाला ते दत्तूभाऊच्या तोंडून कळलं. कामाचं श्रेय गेलं हे एक वेळ ठीक. जी माणसं तिला फाशी द्यायला निघाली होती, त्यांना ती कोण आहे हेच माहीत नव्हतं.

तिला ओळखणारी माणसं होती, पण ती कोपीत होती. ज्या टोळीबरोबर ती अकरा हंगाम गेली ती टोळी जिल्ह्याच्या उत्तरेकडे एका कारखान्यावर होती. मी गेले. दुपारची वेळ, बायका मोळ्या बांधत होत्या. टोळीतल्या सगळ्यांत जुन्या बाईला जिजाक्का म्हणतात. त्यांना मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी आधीच पाहिलेला होता.

“ही सुमी न्हाई,” त्या मोळी बांधता बांधताच म्हणाल्या.

“कशावरून?”

“सुमी हाक मारायची तर फडाच्या त्या कडंची बाई वळून बघायची. ट्रॅक्टरवाला गाडी थांबवायचा. आन् ही कोन फुसफुसती? हिला तर शेजारच्या सरीतलं आयकू येनार न्हाई.”

“मग तुम्ही गावात कोणाला सांगितलं का नाही?”

“आमाला कोन इचारतंय, बाई? तुजं पत्रक वाचून त्यान्नी ठरवलं म्हनं.”

मग मला एक कल्पना सुचली, आणि ती कल्पना मला सुचावी यावरून माझी अक्कल ओळखा. मी जिजाक्कांचा आणि आणखी चार बायकांचा आवाज मोबाईलवर घेतला. ‘आम्ही सुमनबरोबर ऊस तोडलाय, हा तिचा आवाज नाही.’ गावाच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत अण्णांच्या एका माणसाचं उत्तर आलं: “ह्या पण एआयच्या बाया आहेत का? ताई, तुम्हीच तर शिकवलं, मोबाईलवरच्या आवाजावर विश्वास ठेवू नका.” खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

या धंद्यातलं हे दुसरं विष, आणि मला विचाराल तर पहिल्यापेक्षा जहाल. खोटं खरं म्हणून खपतं, हे लोकांच्या लक्षात येतं. त्याच्या मागून खरंही खोटं म्हणून फेटाळता येतं, हे उशिरा लक्षात येतं. शेजारच्या तालुक्यात एका संस्थाचालकाने शिक्षिकेला फोनवर घाणेरडं बोलल्याची खरी ध्वनिफीत बाहेर आली होती. आम्ही ती घेऊन संस्थेच्या बैठकीत गेलो तर त्याने शांतपणे सांगितलं, हा एआय आहे. बैठकीतल्या पाच शहाण्या माणसांनी माना डोलावल्या. ती शिक्षिका नोकरी सोडून माहेरी पारनेरला गेली. आम्ही गावोगाव शिकवलेला संशय सगळ्यात आधी उपयोगाला आला तो अशा माणसाच्या.

जिजाक्कांना मी ते उत्तर वाचून दाखवलं. त्यांनी कोयता खाली ठेवला.

“मंग मोबाईलवर न्हाई चालत तर आमीच येतो.”

मुकादम जवळच उभा होता. तो म्हणाला, “आक्का, टोळी मोडून जाता येत न्हाई. कारखान्याची गाडी उभी ऱ्हाईल.”

“तुजं मत कुटं हाय रे?”

“गावातच की.”

“मंग तू बी चल. तुजाच टेम्पो काढ.”

त्याने मिशी चोळली. मग म्हणाला, “एकच दिवस. सांजच्याला परत.”

सभेच्या दिवशी सकाळी दहाला तो टेम्पो शाळेच्या मैदानात शिरला. एकोणीस माणसं उतरली. कपड्यांवर उसाची पानं तशीच होती. तहसीलमधून आलेले अधिकारी टेबलाशी बसले होते, शेजारी ग्रामसेवक. मी मागे उभी राहिले. बोलायला हात वर केला तर अधिकारी म्हणाले, “आपण या गावच्या मतदार नाही, आपण बोलू नका.” बरोबरच होतं त्यांचं.

अण्णांनी स्पीकरवर तो व्हिडिओ लावला. मैदान ऐकत होतं. मग अण्णा म्हणाले, “ऊसतोडीला जाणाऱ्या माझ्या भावाबहिणींचा हा अपमान आहे. आम्ही व्हिडिओ तपासून घेतलाय. तो शंभर टक्के खरा आहे. यावर सरपंचांनी खुलासा करावा.”

दत्तूभाऊ उठला. सवयीने. सदऱ्याची बाही सारखी करून माईककडे निघाला. अधिकारी म्हणाले, “तुम्ही कोण?”

“सरपंचाचा नवरा.”

“ठराव तुमच्यावर आहे का?”

लोक हसले. दत्तूभाऊ वळला आणि बायकांमध्ये बसलेल्या सुमनकडे बघत राहिला. ती उठली. माईकपाशी गेली नाही, होती तिथेच उभी राहिली. पहिल्या रांगेतला एक जण म्हणाला, “माईक घ्या, माईक.” मागून जिजाक्का म्हणाल्या, “तिला नको माईक. तुमी कान धरा.”

आणि सुमन बोलली. शाळेच्या मागच्या बाभळीवरचे बगळे उठले, हे मी पत्रकात लिहिलं असतं तर कोणी मानलं नसतं.

“ह्यो माझा आवाज हाय. आज पहिल्यांदा आयकताय तुमी. अडीच वर्सं मी गप ऱ्हायले, ती चूक माझी. पर टँकर वरच्या वस्तीला आधी गेला तो कुनी पाठवला? दत्तूनं न्हाई, मी. वस्ती रिकामी हाय, पानी कशाला, असं ह्याच शाळंत कोन म्हनलं हुतं, ते अण्णान्ला इचारा. वस्तीवर म्हातारी मानसं आन् लेकरं ऱ्हात्यात हे मला ठावं हाय, कारन माझी लेकरं मी तशीच ठिवून गेल्ते. मी ऊस तोडलाय. मी माझंच नाव यादीतून कापा म्हनंन व्हय?”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अण्णांचा माणूस म्हणाला, “हे पाठ करून आणलंय.” तेव्हा टोळीतला एक म्हातारा उठला आणि त्याने फक्त एवढंच सांगितलं की हाच आवाज तो अकरा वर्षं रोज पहाटे ऐकत होता, आणि व्हिडिओतली बाई कोण ते त्याला माहीत नाही. मग तो खाली बसला. चिठ्ठ्या पडल्या. मोजायला दुपार झाली. ठराव बारा मतांनी पडला. टेम्पोतून एकोणीस जण आले होते, हा हिशोब ज्याने त्याने करावा. गावातल्या जवळजवळ निम्म्या माणसांना, तिला समोर बघून, तिचं ऐकूनही, तो अडतीस सेकंदांचा व्हिडिओच जास्त पटला होता. मला आजही त्या बारा मतांचा आनंद कमी होतो आणि बाकीच्यांचा राग जास्त येतो.

लोक उठायला लागले. अण्णा हसत हसत दत्तूभाऊपाशी आले. हरलेला माणूस चारचौघांत मोठं मन दाखवतो तसं. त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “दत्तू, वैनी बोलत्यात हे आधी सांगायचं ना गड्या. मग कशाला कुणी तो व्हिडिओ करायच्या भानगडीत पडलं असतं?”

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. मग हसणं हळूहळू थांबलं.

महिनाभर शंभर टक्के खरा म्हणून सांगितलेला व्हिडिओ, आणि अण्णाच बोलून गेले की तो कोणीतरी केलेला. मी हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. रेकॉर्डिंग चालू नव्हतं. आणि चालू असतं तरी उद्या अण्णा म्हणाले असते, एआय आहे. माझ्या हातात काही नव्हतं.

सुमनने ऐकलं होतं. ती ग्रामसेवकाकडे वळली. “भाऊसाहेब, हे आत्ता अण्णा काय म्हनले ते प्रोसिडिंगला लिवा.”

ग्रामसेवक रजिस्टर मिटत होते. “मॅडम, सभा संपली ना.”

“आभार मानले का?”

त्यांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा बसले. “आभारप्रदर्शन झालेलं नाही. सभा चालू आहे.”

“मी गमतीनं म्हणालो,” अण्णा म्हणाले.

“गमतीनं म्हनले, असं बी लिवा,” सुमन म्हणाली. “पर म्हनले ते आधी लिवा.”

“मी असं बोललोच नाही.”

त्यांच्याभोवती तोवर चाळीसेक माणसं झाली होती. टेम्पोचा हॉर्न वाजत होता, मुकादमाला घाई होती. जिजाक्का त्याच्याकडे न बघता टेबलाशी गेल्या. “आमी आयकलं. माझं नाव लिवा. कुटं सही करायची?”

ग्रामसेवकांनी रजिस्टर पुन्हा उघडलं. “काय शब्द होते नेमके?” त्यांनी विचारलं. तीन-चार जणांनी एकदम सांगितले, त्यातला एक अण्णांच्याच गटातला होता. शब्द सगळ्यांचे सारखे होते. ग्रामसेवक लिहीत गेले. सुमन शेजारी उभी राहून मोठ्याने वाचत होती, एकेक शब्द, मैदानाच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल असा. लिहून झाल्यावर बायकांनी सह्या केल्या, अंगठे दिले. चाळीसेक नावं झाली. तक्रारीचा तपास अजून चालू आहे असं ठाण्यातून सांगतात. त्या पानाची प्रत आम्ही जोडली आहे, आणि या वेळचा जबाब ‘मी, सरपंच’ असा सुरू होतो.

सह्या संपल्यावर ग्रामसेवक म्हणाले, “आता आभार कोण मानणार?”

दत्तूभाऊ जागचा हलला नाही.

“मी मानते,” सुमन म्हणाली.